कणा मोडलेल्यांना मैदानात उतरवणारा डॉक्टर : सर लुडविग गुटमन यांची कहाणी

झाडावरून पडून, विहिरीत कोसळून नाहीतर मोटारसायकलच्या अपघातात पाठीचा कणा मोडला की कमरेखालचं अंग लुळं पडतं. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी अशा माणसाचं पुढं काय होणार, याचं उत्तर जगभर एकच होतं. खाट, पाठीला पडलेल्या जखमा, लघवीतून चढणारा ताप आणि काही आठवड्यांत नाहीतर महिन्यांत मरण. राजाचा पोरगा असो की खाणीतला मजूर, यात फारसा फरक नव्हता.

आज तसाच कणा मोडलेला माणूस व्हीलचेअरवर बसून बास्केटबॉल खेळतो, पोहतो, भाला फेकतो. काही देशांत तर दोन्ही पाय धड असलेले खेळाडू त्याच्या बरोबरीनं व्हीलचेअरवर बसतात आणि एकाच संघातून खेळतात. हे आपोआप झालं नाही. त्यामागं एका डॉक्टरचा हट्ट होता. हा डॉक्टर जर्मनीत जन्मला, तिथून जीव वाचवून पळाला आणि इंग्लंडमधल्या एका बैठ्या इस्पितळात त्यानं हे काम उभं केलं. त्याचं नाव लुडविग गुटमन.

खाणीतला तो मजूर

गुटमन यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजी टोस्ट या लहान गावात एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव तेव्हा जर्मनीत होतं, आता ते पोलंडमध्ये आहे. पुढं घरची मंडळी क्योनिग्सहूट या कोळसा खाणींच्या शहरात राहायला गेली. १९१७ साली पहिलं महायुद्ध चालू असताना लुडविग तिथल्या अपघात इस्पितळात मदतनीस म्हणून काम करू लागला. वय अठरा.

तिथं एक तरणाबांड खाण कामगार आणला गेला. पाठीचा कणा मोडलेला. एवढा दांडगा गडी, पण त्याला खोलीच्या कोपऱ्यात, पडद्याआड ठेवलेलं. लुडविग त्याच्याबद्दलच्या नोंदी लिहायला लागला, तर मोठ्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं की फार लिहीत बसू नको, हा काही आठवड्यांचाच सोबती आहे. झालंही तसंच. पाच आठवड्यांत तो गेला. हाडानं मारलं नाही, अंगात पसरलेल्या जंतूंनी मारलं. हा चेहरा गुटमन जन्मभर विसरले नाहीत, असं त्यांनी पुढं अनेकदा सांगितलं.

१९२४ साली ते डॉक्टर झाले. ब्रेस्लाऊ शहरात ऑटफ्रिड फोर्स्टर नावाचे मेंदू आणि मज्जातंतूंचे नामवंत डॉक्टर होते, त्यांच्या हाताखाली ते शिकले. कामात एवढे तयार झाले की फोर्स्टर यांचे पहिले सहायक बनले. चाळिशीच्या आत जर्मनीतल्या चांगल्या मेंदूतज्ज्ञांत त्यांचं नाव घेतलं जाऊ लागलं.

मग १९३३ आलं. हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू डॉक्टरांना सरकारी इस्पितळातून काढून टाकण्यात आलं. गुटमन यांना ब्रेस्लाऊच्या ज्यू इस्पितळात जावं लागलं. तिथं पुढं ते प्रमुख झाले, पण इस्पितळाच्या दाराबाहेर काय शिजतंय हे दिसत होतंच.

एका रात्रीची भरती

९ नोव्हेंबर १९३८ ची रात्र. जर्मनीभर ज्यू लोकांची दुकानं फोडली, प्रार्थनास्थळं पेटवली, माणसं घरातून ओढून छळछावण्यांत धाडली. त्या रात्री गुटमन यांनी इस्पितळात हुकूम सोडला. दारात जो कुणी पुरुष येईल त्याला काही न विचारता भरती करून घ्या. सकाळपर्यंत चौसष्ट जण खाटांवर पडलेले होते. त्यातल्या बऱ्याच जणांना कसलाच आजार नव्हता.

दुसऱ्या दिवशी पोलीस तपासाला आले. एका रात्रीत एवढे पेशंट कसे वाढले, हा त्यांचा सवाल. गुटमन त्यांना घेऊन खाटेखाटेला फिरले आणि प्रत्येक माणसाला काय झालंय ते गंभीर तोंडानं सांगत गेले. कुणाला झटका, कुणाला आणखी काही. चौसष्टपैकी साठ जण त्या दिवशी वाचले. चौघांना मात्र वाचवता आलं नाही. खेळाच्या स्पर्धांमुळं गुटमन यांचं नाव झालं, पण हा एक दिवस वेगळा काढला तरी माणूस मोठा ठरतो.

पुढच्याच महिन्यात एक अजब संधी चालून आली. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या एका मित्रावर उपचार करायला जर्मन सरकारनंच त्यांना लिस्बनला पाठवलं. त्यासाठी काढून घेतलेला पासपोर्ट परत द्यावा लागला. परतताना ते लंडनला थांबले. अडचणीतल्या विद्वानांना मदत करणाऱ्या तिथल्या एका संस्थेनं त्यांची सोय केली आणि मार्च १९३९ मध्ये बायको एल्स आणि दोन लेकरांसह ते इंग्लंडला पोहोचले. सहा महिन्यांनी दुसरं महायुद्ध पेटलं. आणखी थोडे दिवस थांबले असते तर ही कहाणी इथंच संपली असती.

ऑक्सफर्डमध्ये त्यांना संशोधनाचं काम मिळालं. पोटापाण्याचा प्रश्न सुटला, पण पेशंटवर आपल्या मनासारखे उपचार करायला फारसा वाव नव्हता. हाताला काम असलेल्या माणसाला नुसतं कागदावर बसवल्यासारखं ते होतं. चार वर्षं अशीच गेली.

दर दोन तासांनी कूस

१९४३ साली इंग्लंडच्या सरकारनं त्यांना विचारलं. युरोपात मोठी चढाई होणार होती, जखमी सैनिक ढिगानं येणार होते आणि त्यात कणा मोडलेले असणारच होते. त्यांच्यासाठी वेगळा विभाग काढायचा होता. हे काम कुणाला नको होतं, कारण त्यात यश येत नाही असाच समज होता. गुटमन यांनी एका अटीवर हो म्हटलं. उपचार माझ्या पद्धतीनं होतील, मध्ये कुणी बोलायचं नाही.

१ फेब्रुवारी १९४४ रोजी एल्सबरी गावाजवळच्या स्टोक मँडेव्हिल इस्पितळात हा विभाग सुरू झाला. सुरुवातीला खाटा पंचवीसच्या आसपास आणि पेशंट एक. पुढं चढाई झाली आणि खाटा भरल्या. पोरं यायची ती प्लास्टरच्या साच्यात घातलेली. साचा कापला की आत पाठ आणि कुल्हे सडलेले.

गुटमन यांनी काय केलं? ऐकायला अगदी साधी गोष्ट. दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलायची. दिवसा, रात्री, सुट्टीच्या दिवशी, कधीही चुकवायचं नाही. ज्या अंगाला संवेदनाच नाही तिथं एकाच जागी भार पडत राहिला तर रक्त पोहोचत नाही, कातडी मरते, जखम होते आणि तिथून जंतू आत शिरतात. धडधाकट माणूस झोपेतही कूस बदलतो, कारण अंग दुखतं. याला दुखतच नाही, म्हणून दुसऱ्यानं बदलायची. सोबत लघवीची नळी घालताना कमालीची स्वच्छता. बस्स. रात्री-अपरात्री गुटमन स्वतः वॉर्डात यायचे आणि कूस बदलली की नाही ते पाहायचे. नर्सेस वैतागायच्या, काहींनी बदल्या मागितल्या. पण जखमा भरू लागल्या.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हे सगळं गुटमन यांनीच पहिल्यांदा शोधलं असं नाही. अमेरिकेत बोस्टनला डॉ. डोनाल्ड मन्रो यांनी असंच काम त्यांच्या आधी सुरू केलं होतं. पेनिसिलिनही त्याच सुमारास हाताशी आलं, त्याचा वाटा मोठा आहे. पण जगला-वाचला म्हणजे काम संपलं असं गुटमन यांनी मानलं नाही, इथं ते वेगळे ठरतात. विशीतला पोरगा जखमा भरून पन्नास वर्षं जगणार असेल, तर ती पन्नास वर्षं त्यानं करायचं काय? खाटेवर पडून छताकडं बघत बसायचं?

म्हणून वॉर्डात कामं सुरू झाली. सुतारकाम, घड्याळ दुरुस्ती, टायपिंग. कुणाला रडत बसायला मोकळा वेळच ठेवला नाही. जे अंगावर पांघरूण ओढून पडून राहायचे त्यांना गुटमन फैलावर घ्यायचे. काहींना ते जुलमी वाटले आणि तसं म्हणण्याइतके ते कडक होतेही. तरी वॉर्डातली पोरं त्यांना मागं पॉप्पा म्हणायची, म्हणजे आपल्याकडचं अण्णा नाहीतर आबा.

उलटी धरलेली काठी

एके दिवशी गुटमन यांनी पाहिलं की काही पेशंट व्हीलचेअरवर बसून, चालायच्या काठ्या उलट्या धरून, एक चकती इकडून तिकडं मारताहेत. कुणी शिकवलं नव्हतं, पोरांनीच काढलेला खेळ. गुटमन यांना ते पटलं. व्यायाम शिकवणारे हिल नावाचे एक सैन्यातले गृहस्थ होते, त्यांना घेऊन ते स्वतः व्हीलचेअरवर बसले आणि खेळून पाहिलं. त्यातून व्हीलचेअर पोलो सुरू झाला. इस्पितळाचे कर्मचारीही चाकाच्या खुर्चीत बसून पेशंटविरुद्ध खेळू लागले. आता गंमत अशी की धडधाकट कर्मचाऱ्याला व्हीलचेअर वळवायची सवय नसते, पेशंट मात्र दिवसभर तीच चालवतो. खुर्चीत बसल्यावर कोण अपंग आणि कोण धड, हे उलटंपालटं होऊन जायचं.

पोलो फार धसमुसळा निघाला. काठ्या लागायला लागल्या, तो बंद केला. त्याच्या जागी नेटबॉल आला आणि पुढं बास्केटबॉल. पण गुटमन यांचा लाडका खेळ वेगळाच होता, तिरंदाजी.

त्यामागं साधा हिशोब होता. धनुष्य ओढायला खांदे, दंड आणि पाठीचा वरचा भाग लागतो. कंबर मोडलेल्या माणसाला नेमकं तेच बळकट करायचं असतं, म्हणजे खेळ हाच उपचार. दुसरं असं की अंतर तेच, लक्ष्य तेच, बाण तेच. व्हीलचेअरवर बसलेल्याला कुठलीही सवलत न देता उभ्या माणसाशी थेट मुकाबला करता येतो. स्टोक मँडेव्हिलचे तिरंदाज आसपासच्या साध्या तिरंदाजी क्लबांबरोबर सामने खेळू लागले. क्लबचे लोक सुरुवातीला दया म्हणून आले असतील, पण गुण मोजायच्या वेळी दया कुणाच्या उपयोगाची नसते.

सोळा खेळाडूंची स्पर्धा

२९ जुलै १९४८. लंडनमध्ये ऑलिम्पिकचं उद्घाटन होत होतं. त्याच दिवशी स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर गुटमन यांनी आपली स्पर्धा भरवली. खेळाडू सोळा, चौदा पुरुष आणि दोन बायका, सगळे व्हीलचेअरवर. खेळ एकच, तिरंदाजी. एका बाजूला स्टोक मँडेव्हिल, दुसऱ्या बाजूला रिचमंडचं स्टार अँड गार्टर हे जखमी सैनिकांचं आश्रमगृह. आपल्याकडं गावच्या जत्रेतल्या कुस्त्यांना याहून जास्त जोड्या असतात. पण तारीख मुद्दाम निवडलेली होती.

पुढच्या वर्षी गुटमन यांनी जाहीर सांगून टाकलं की हे खेळ एक दिवस अपंगांचं ऑलिम्पिक होतील. लोक गालात हसले. १९५२ साली हॉलंडचे माजी सैनिक खेळायला आले आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. १९५६ साली ऑलिम्पिक समितीनंच या कामाला फर्नली चषक देऊन गौरवलं.

१९६० साली ऑलिम्पिक रोमला होतं. ते आटोपल्यावर त्याच शहरात सुमारे चारशे व्हीलचेअर खेळाडू उतरले. आज हीच पहिली पॅरालिम्पिक मानली जाते. सोय मात्र यथातथाच होती. राहण्याच्या इमारती खांबांवर उभ्या, वर जायला जिने. शेवटी इटलीच्या सैनिकांनी खेळाडूंना खुर्च्यांसकट उचलून वर-खाली नेलं. रोज. ज्यांच्यासाठी स्पर्धा त्यांच्याच वाटेत पायऱ्या, ही तऱ्हा आपल्याकडच्या तहसील कचेऱ्यांत आणि शाळांत आजही बघायला मिळते, त्यामुळं रोमला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

त्या स्पर्धेत मार्गारेट मॉन नावाची इंग्रज शिक्षिका होती. आदल्याच वर्षी आफ्रिकेत रस्त्यावरच्या अपघातात तिचा कणा दुखावला होता आणि स्टोक मँडेव्हिलला ती तिरंदाजी शिकली होती. बाण मारून झाल्यावर ती परतीच्या बसमध्ये जाऊन बसली. थोड्या वेळानं माणसं तिला शोधत आली. सुवर्णपदक तिला मिळालं होतं आणि तिलाच पत्ता नव्हता. ब्रिटनचं ते पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. २०१२ साली लंडनच्या पॅरालिम्पिकमध्ये ज्योत पेटवायचा मान याच मार्गारेट बाईंना मिळाला.

रोमनंतर १९६४ ला टोकियो, १९६८ ला इस्रायलमधलं तेल अवीव. तेल अवीवला भारताचा संघ पहिल्यांदा गेला. १९६६ साली गुटमन यांना सर हा किताब मिळाला, पुढं ते इस्पितळातून निवृत्त झाले, पण स्पर्धा सोडल्या नाहीत. १९६९ साली स्टोक मँडेव्हिलला स्वतंत्र स्टेडियम उभं राहिलं, राणीच्या हस्ते उद्घाटन झालं.

वाळवा तालुक्यातला जवान

१९७२ ची स्पर्धा जर्मनीत. ज्या देशातून गुटमन जीव घेऊन पळाले होते, त्याच देशात. ऑलिम्पिक म्युनिकला झालं, पण तिथलं क्रीडाग्राम लगेच घरांसाठी द्यायचं होतं म्हणून पॅरालिम्पिक हायडेलबर्गला हलवली. याच हायडेलबर्गला एका मराठी माणसानं इतिहास घडवला. सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर. सैन्यात होते, मुष्टियुद्ध खेळायचे. १९६५ च्या युद्धात अंगात गोळ्या घुसल्या आणि कमरेखालचं अंग गेलं. उपचारात पोहणं आलं आणि पोहण्यातच त्यांनी हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं, तेही विश्वविक्रमासह. भारताचं पॅरालिम्पिकमधलं हे पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ साल उजाडावं लागलं.

त्याच सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्याच्या करगणीचा सचिन खिलारी २०२४ साली पॅरिसला गोळाफेकीत रौप्यपदक घेऊन आला. दोघांमध्ये बावन्न वर्षांचं अंतर आहे.

गुटमन यांच्या काही गोष्टी टीकेच्याही आहेत. त्यांनी बराच काळ या स्पर्धा कणा दुखावलेल्यांपुरत्याच ठेवल्या. आंधळे आणि हातपाय तुटलेले खेळाडू बाहेरच थांबले, त्यांना मोठ्या स्पर्धेत जागा मिळाली ती १९७६ साली कॅनडात. कुणी कोणता खेळ खेळावा हेही डॉक्टर ठरवणार, असा त्यांचा खाक्या होता. खेळाडूंच्या पुढच्या पिढीला हे खटकलं आणि त्यांनी हळूहळू कारभार आपल्या हातात घेतला. ज्यांना पायावर उभं राहता येत नव्हतं त्यांना इतका जोर आला की त्यांनी गुटमन यांच्याच विचाराला आव्हान दिलं, यात गुटमन यांचं काम फुकट गेलं असं कसं म्हणणार?

आणि त्यांनी तिरंदाजीत जे पाहिलं होतं ते १९८२ साली ब्रिस्बेनला खरं झालं. राष्ट्रकुल स्पर्धेत न्यूझीलंडच्या नेरोली फेअरहॉल या व्हीलचेअरवरच्या तिरंदाज बाईंनी धडधाकट खेळाडूंना हरवून सुवर्ण जिंकलं. दोन वर्षांनी त्या लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकमध्येही उतरल्या. पॅरालिम्पिकमध्ये नव्हे, ऑलिम्पिकमध्ये. गुटमन ते बघायला नव्हते. १८ मार्च १९८० रोजी, ऐंशीव्या वर्षी हृदयविकारानं ते गेले. त्या वर्षीचं ऑलिम्पिक मॉस्कोला होतं आणि रशियानं अपंगांची स्पर्धा भरवायला नकार दिला होता. ती हॉलंडमधल्या आर्नहेमला झाली. दोन्ही स्पर्धा पुन्हा एकाच शहरात, त्याच मैदानांवर व्हायला १९८८ चं सोल उजाडलं.

व्हीलचेअर बास्केटबॉल आज कसा खेळतात ते पाहिलं तर गुटमन यांचं बीज किती वाढलंय ते कळतं. प्रत्येक खेळाडूला त्याच्या शरीराच्या हालचालीनुसार एक ते साडेचार गुण दिलेले असतात. कमी हालचाल, कमी गुण. मैदानावरच्या पाच जणांची बेरीज चौदाच्या वर जाता कामा नये. त्यामुळं सगळे तगडेच खेळाडू उतरवता येत नाहीत, ज्याचं अंग सगळ्यात कमी चालतं तोही संघाला लागतोच. कॅनडात देशांतर्गत स्पर्धांत धडधाकट खेळाडूही खेळतात, त्यांना वरचे साडेचार गुण धरतात आणि खुर्चीत बसवतात. एकाच गावातले दोन भाऊ, एक चालणारा आणि एक न चालणारा, एकाच संघात खेळू शकतात. आपल्याकडं पुण्याजवळ खडकीला जखमी जवानांच्या पुनर्वसन केंद्रात व्हीलचेअरवरचे खेळ चालतात. तालुक्याच्या ठिकाणी मात्र क्रीडा संकुलाच्या दारात उतार आहे का, इथूनच सुरुवात आहे.

२०१२ साली लंडनला पॅरालिम्पिक झाली तेव्हा क्रीडाग्रामच्या महापौर म्हणून गुटमन यांची मुलगी एव्हा लोफलर यांना नेमलं होतं. वडिलांसोबत जर्मनीतून आली तेव्हा ती लहान पोर होती. त्याच वर्षी स्टोक मँडेव्हिलच्या स्टेडियमजवळ गुटमन यांचा पुतळा बसवला. ते स्टेडियम अजून चालू आहे. व्हीलचेअरवरचे खेळाडू तिथं सरावाला येतात आणि आसपासच्या वस्तीतली चालती-फिरती माणसंही त्याच तलावात पोहायला, त्याच व्यायामशाळेत घाम गाळायला येतात.